जुनी पिकअप: इंजिन बांधायचं, दुसरं बसवायचं की गाडीच बदलायची?

गाडी धूर सोडायला लागली, ऑइल खायला लागली, की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "मालक, इंजिनाचं काम निघालंय." त्याच आठवड्यात शोरूमचा पोरगा सांगतो, "कशाला त्यात पैसे घालताय शेठ, एक्स्चेंजला देऊन टाका." दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघांचंही पोट आपापल्या सल्ल्यावर चालतं. निर्णय मालकाचा, आणि तो घ्यायला फार मोठं यंत्रशास्त्र लागत नाही. तपासणीचा क्रम तेवढा बरोबर लागतो.

तो क्रम असा: आधी कागद, मग चासी, मग गिअरबॉक्सपासून हौद्यापर्यंतची बाकीची गाडी, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. कारण इंजिन हा गाडीतला सगळ्यात सहज नवा करता येणारा भाग आहे. लायनर, पिस्टन, बेरिंग, नोझल, सगळं बाजारात मिळतं. सडलेली चासी आणि अडकलेलं आरसी बुक मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. लाखभर रुपये इंजिनात घालतात आणि पुढच्या पासिंगला इन्स्पेक्टर चासीवर बोट ठेवतो.

पुढचं सगळं मी २०१२-१३ च्या आसपासची बोलेरो पिकअप डोळ्यासमोर ठेवून लिहितोय: २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन, मेकॅनिकल पंप, भाजीपाला किंवा दूध वाहणारी. टाटा २०७, झेनॉन, दोस्त अशा गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

कागद

आरसीवरची नोंदणीची तारीख बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी पासिंग. आठ वर्षं झाली की महाराष्ट्रात व्यावसायिक वाहनाला पर्यावरण कर लागतो. गाडी जुनी होत जाते तशी फिटनेसची फीही चढत जाते. हे आकडे छोटे वाटतात, पण पुढे हिशोब मांडताना त्यांची जागा ठेवावी लागते.

इथेच एक अफवा निस्तरून टाकू. "पंधरा वर्षांनी गाडी बंदच होणार" असं ठासून सांगितलं जातं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते ती सरकारी मालकीच्या वाहनांची. डिझेलच्या दहा वर्षांचं जे कानावर येतं ते दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातल्या आदेशांचं. जुन्नर, सांगली किंवा जालन्यातल्या खासगी मालकाची पिकअप फिटनेस मिळतंय तोवर चालते. घाबरवून गाडी काढून घेणं हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला जुना धंदा आहे.

मग बोजा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण फायनान्सचं नाव आरसीवर तसंच राहिलेलं असतं. एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आत्ताच उतरवून घ्या, कारण विकायच्या दिवशी ती फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली निघाली तर महिना जातो. थकलेली चलनं बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली आहे ना, तेही बघा. तिच्याशिवाय आरटीओतली बाकीची कामं अडतात.

शेवटी चिंधी डिझेलमध्ये बुडवून इंजिन नंबर आणि चासी नंबर घासून स्वच्छ करा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि आरसीशी एकेक अंक जुळवा. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असेल तर हे टाळूच नका. आधीच्या मालकानं गुपचूप दुसरं इंजिन टाकलेलं असेल तर ते आज कळलेलं बरं, अपघाताच्या क्लेमच्या वेळी नको. आणि चासी नंबर ज्या पट्टीवर ठोकलेला असतो तीच गंजून अक्षरं उडाली असतील, तर आधी आरटीओत जाऊन त्याची वाट काय ते विचारा. ती मिळेपर्यंत इंजिनावर एक रुपया घालू नका.

चासी

गाडी धुऊन घ्या, पण नुसती वरून नव्हे. खालून प्रेशरनं, माती पूर्ण निघेपर्यंत. सुकल्यावर पाव किलोची हातोडी आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली शिरा. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर वीतभर अंतरानं हातोडी मारत जा. धड पत्रा खणखणतो. जिथे आवाज बसका, मऊ येतो तिथे थांबा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पापुद्रे सुटले तर वरचा गंज आहे, घासून रंगवता येईल. टोक आत शिरलं तर ती जागा गेली.

जागा ठरलेल्या असतात. मागच्या पाट्याचे हँगर, केबिनच्या लगेच मागचा भाग, आणि हौद्याचे आडवे चॅनल चासीवर बसतात तिथली प्रत्येक गादी. लाकडाच्या किंवा रबराच्या पॅकिंगखाली ओल वर्षभर मुरते आणि वरून काही दिसत नाही. तडे शोधताना रिव्हेट आणि वेल्डिंगच्या कडेला बघा. तड्यातून लालसर भुकटीची बारीक रेघ ओघळलेली दिसते. पाट्याच्या हँगरजवळ जुनं वेल्डिंग आणि त्याच्या शेजारीच नवा तडा असं असेल तर गाडी वर्षानुवर्षं पासिंगपेक्षा जास्त वजन ओढत आलीय. विटा-वाळू वाहिलेल्या गाड्यांत हे हमखास.

दोन गाड्या एकाच वर्षाच्या असून निकाल वेगळा का लागतो, ते इथे कळतं. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारी गाडी भरलेली माळशेज उतरते आणि रिकामी चढते. तिच्या इंजिनाला त्यातल्या त्यात आराम, ब्रेकला त्रास, आणि चासी बऱ्यापैकी कोरडी. रत्नागिरीची मासळी कोल्हापूरला नेणारी गाडी भरलेली आंबा घाट चढते, आणि पूर्ण वाटभर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत असतं. तिचं इंजिन कितीही मन लावून बांधलं तरी खालचं लोखंड त्याआधी संपतं. मासळीची गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल तर माझं मत सरळ आहे: चासी खणखणीत निघाली तरच पुढचं वाचा, नाहीतर शेवटच्या भागाकडे जा.

चासीला पट्टी मारून चालेल का, असं विचारतात. क्रॉस मेंबर किंवा एखादा हँगर बदलणं ठीक. मुख्य लांब पट्टीत गंजानं भोकं पडली असतील तर जोडकाम करून लोड वाहायला मी सांगणार नाही, मग वेल्डर कितीही हुशार असो.

मधली गाडी

इंजिन नवं झालं की त्याची ताकद परत येते आणि ती झिजलेल्या गिअरबॉक्सवर आणि क्राउन-पिनियनवर येऊन पडते. म्हणून इंजिन खोलायच्या आधी यांची परीक्षा. दुसरा-तिसरा गिअर टाकताना खर्र होतं का, उतारावर गिअर आपोआप सुटतो का, चालवताना मागून हुं-हुं आवाज येतो आणि पाय उचलला की तो बदलतो का. घाट उतरणाऱ्या गाडीचे ड्रम, लायनर आणि ब्रेक बूस्टर बघा. स्टिअरिंग बॉक्स, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश, रेडिएटर, वायरिंग. केबिनचा फ्लोअर मॅट उचलून बघा.

प्रत्येकाच्या समोर अंदाजी खर्च लिहा. इंजिन सोडून ही बेरीज इंजिनाच्या खर्चाच्या पुढे गेली, तर गाडी चारही बाजूंनी थकलीय.

इंजिन खरंच गेलंय का?

गाडीची उचल पडली, ॲव्हरेज पडलं म्हणजे इंजिन गेलं असं नाही. चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा पाइप, डिझेल फिल्टरमध्ये पाणी, घसरणारी क्लच प्लेट, अडकून राहणारा ब्रेक, खराब नोझल, यातलं काहीही गाडीला म्हातारी करून दाखवतं. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा. एखादं जड फिरत असेल तर ॲव्हरेज तिथे जातंय. नोझल आणि पंप जुने मेस्त्री अजून "मायको"चाच म्हणतात. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, गॅरेजात ते पोचलेलं नाही. नोझल आणि पंप टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे तपासून घ्या. एवढ्यानं निम्म्या गाड्यांचं "इंजिनाचं काम" पुढे ढकललं जातं, असा माझा अनुभव.

धुराचा रंग वाचायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुतेक वेळा स्वस्तात सुटणारं दुखणं. पांढरा धूर सकाळी दोन मिनिटांत गेला तर दुर्लक्ष करा, पण गरम झाल्यावरही राहिला, गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो कधी येतो ते महत्त्वाचं. लांब उतार उतरून आल्यावर सपाटीला ॲक्सिलरेटर दाबला आणि एकच निळा लोट आला, तर बहुधा व्हॉल्व्हचे गाइड आणि सील. हेडचं काम, पूर्ण इंजिनाचं नाही. भरल्या गाडीत चढाला सतत निळा येत असेल तर रिंगा आणि लायनर. टर्बोचा सील गळत असला तरी निळा येतो, म्हणून पाइप काढून टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघितल्याशिवाय इंजिन उतरवू देऊ नका.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडा आणि तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं, थोडी वाफ आली तर ठीक. झाकण उड्या मारून बाजूला पडलं आणि भकाभक धूर आला, तर कॉम्प्रेशन रिंगांच्या बाजूनं खाली येतंय. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागत असेल तर हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत.

मग दोन मोजमापं, आणि ती मागूनच घ्या, कारण मेस्त्री आपणहून करत नाहीत. पहिलं, गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के खाली असेल तर दुखणं त्या एका जागी आहे, चौघंही सारखे खाली असतील तर झीज आहे. खाली असलेल्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली की ती कुठून निघते त्यावरून रोग सापडतो: ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. दुसरं, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर, डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबून न राहता, वेगळं गेज लावून. आयडलला प्रेशर फार पडत असेल तर बेरिंग आणि क्रँक झिजलेत, आणि मग "हाफ इंजिन" करून भागणार नाही.

बांधायचं ठरलं तर

हाफ म्हणजे ब्लॉक गाडीतच ठेवून रिंगा, बेरिंग, जमलं तर लायनर-पिस्टन आणि हेडचं काम. फुल म्हणजे इंजिन उतरवून ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड सगळं लेथवाल्याकडे. हाफ करावं ते ऑइल प्रेशर धड असताना आणि गाडी आणखी वर्ष-दीड वर्षच ठेवायची असताना. पाच वर्षं ठेवायची असेल तर हाफ म्हणजे दोनदा मजुरी.

काम द्यायच्या आधी मेस्त्रीपेक्षा मशीन शॉप बघा. चांगला लेथवाला बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजतो, क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरनं मोजतो आणि आकडे कागदावर लिहून देतो. क्रँक घासला तर बेरिंग ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइझ लागतात. आधीच एकदा ०.५० झालेला असेल तर पुढे किती वाव उरलाय ते विचारा. हेडला पाण्याच्या प्रेशरची टेस्ट करून तडा नाही ना ते बघायचं, मगच फेसिंग. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून त्याप्रमाणे हेड गॅस्केटची जाडी निवडायची असते. "जुनी होती तसलीच आणली" हे उत्तर ऐकलं तर तिथे काम देऊ नका.

आणखी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: इंजिन गेलं कशानं? तापून गेलं असेल तर तोच चोंदलेला रेडिएटर, तोच वॉटर पंप ठेवून नवं इंजिन बांधणं म्हणजे दुसऱ्या वेळेची तयारी. ऑइल पंप, ऑइल कूलर, थर्मोस्टॅट, टर्बोचा ऑइल पाइप हे बिलात लिहिलेले दिसले पाहिजेत. ओरिजिनल पार्ट स्वतः दुकानातून बिलावर घ्या आणि काढलेले जुने पार्ट पोत्यात भरून मागा.

२०१७ नंतरच्या बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा) कॉमन रेल गाडीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या ताब्यात डिझेल सोडणाऱ्या इंजिनाचं, गणित वेगळं आहे. तिथे एकेक इंजेक्टर महाग, आणि नवा बसवला की त्याचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. हाय प्रेशर पंप आतून झिजून त्याचा धातूचा चुरा रेलमध्ये गेला असेल तर नुसता पंप बदलून उपयोग नाही, सगळी लाइन साफ करावी लागते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या बांधायला सोप्या, म्हणून त्यांच्या बाबतीत माझा कल बांधण्याकडे झुकतो.

बांधून आल्यावर पहिले हजार किलोमीटर हलकं-मध्यम वजन, आरपीएम बदलता, आणि पहिलं ऑइल लवकर बदला. पूजा करून तासन् तास आयडलला ठेवण्याची पद्धत वाईट. लायनर गुळगुळीत होऊन रिंगा बसतच नाहीत आणि इंजिन जन्मभर ऑइल खातं.

दुसरं इंजिन बसवायचं तर

ब्लॉकलाच तडा गेला, रॉड बाहेर आला, तर बांधायला काही उरत नाही. मग तीन वाटा: कंपनीचं नवं किंवा रिकंडिशन इंजिन, भंगारात गेलेल्या गाडीचं त्याच मॉडेलचं इंजिन, किंवा वेगळंच इंजिन.

तिन्हींच्या मध्ये आरटीओ उभं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दंड सोडा, खरी भीती विम्याची. इंजिन नंबर जुळला नाही की क्लेम तिथेच अडतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी अर्ज आणि परवानगी, मग इंजिन. ते त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, त्याच इंधनाचं घ्या. जीएसटी बिलावर इंजिन नंबर छापून घ्या. भंगारातलं असेल तर मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिस तुमच्या दारात येतात, विकणारा सापडत नाही. बीएस-४ गाडीला जुनं बीएस-३ इंजिन टाकून पासिंग होईल अशी आशा धरू नका. भंगारातल्या इंजिनाला "चालू बघून घ्या" एवढीच गॅरंटी असते, म्हणून वर सांगितलेल्या कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशरच्या दोन्ही टेस्ट त्यालाही लावा.

सीएनजी किंवा बॅटरीचं काय? कायद्यात मान्यताप्राप्त किटनं इंधन बदलायची सोय आहे. बॅटरीच्या किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. पण डिझेल इंजिनाला सीएनजीवर आणायचं तर स्पार्क प्लग बसवण्यापासून कॉम्प्रेशन कमी करण्यापर्यंत आतलं बरंच बदलावं लागतं, टाक्यांचं वजन मालाच्या वजनातून जातं, आणि पंपावरची रांग वेगळी. एका जुन्या गाडीसाठी हा उद्योग करू नये. शहरात दिवसाला ठरलेला फेरा असेल आणि सीएनजीच घ्यायचा असेल, तर कंपनीतून सीएनजी आलेली गाडी घ्या.

हिशोब

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती आपण स्वतःची करतो. नव्या गाडीची तुलना आत्ताच्या धूर सोडणाऱ्या गाडीशी केली की नवी जिंकणारच. तुलना करायची ती बांधून झालेल्या जुन्या गाडीशी.

उदाहरण घेऊ, आकडे तुमचे घाला. महिन्याला २,५०० किलोमीटर. इंजिनाला सव्वा लाख आणि क्लच, पाटे, ब्रेकला ६०,००० मिळून १,८५,००० खर्च, आणि गाडी पुढे तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ५,१४० रुपये. जुनी गाडी नवीपेक्षा महिन्याला दोन दिवस जास्त उभी राहील. दिवसाची निव्वळ कमाई १,५०० तर ३,००० गेले. बांधलेली १३ चं ॲव्हरेज देईल, नवी १४ चं. डिझेल ९० रुपये धरलं तर फरक फक्त १,२४० चा. किरकोळ दुरुस्ती २,५०० जास्त. आज १,८०,००० ला जाणारी गाडी तीन वर्षांनी लाखाला जाईल, तो उतार महिन्याला २,२२०. एकूण १४,१००.

नवी ऑन रोड साडेनऊ लाख, त्यातलं आठ लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता १७,३९४, आणि एकूण व्याज २,४३,६००. पाच वर्षांनी चार लाखाला विकली जाईल असं धरलं तर तिची खरी किंमत साडेपाच लाख अधिक व्याज, म्हणजे महिन्याला १३,२३०. विम्याचे १,२०० जास्त. एकूण १४,४३०. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वजनावर ठरतो, वयावर नाही, म्हणून वाढ फक्त ओन डॅमेजची, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची.

म्हणजे या किलोमीटरला दोघी सारख्याच. मग पारडं कशानं झुकतं? किलोमीटरनं. महिन्याला ५,००० किलोमीटर पळवली तर बांधलेलं इंजिन दोन वर्षांत थकेल, उभे दिवस चार होतील, किरकोळ दुरुस्तीही दुप्पट होईल, आणि वरच्याच पद्धतीनं जुनीचा खर्च २४,५०० वर जातो. नवीची पाच वर्षांनी तीनच लाख किंमत आली तरी ती १६,१०० ला पडते. उलट शेतकऱ्याची स्वतःची गाडी, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, सुगीत जास्त आणि एरवी झाडाखाली. तिथे इंजिन पाच वर्षं जातं आणि नवीचा हप्ता मात्र तेवढाच. तिथे बांधणंच शहाणपणाचं.

दुसरं, रोख पैसा. १४,४३० हा कागदावरचा खर्च. खिशातून दर महिन्याला जातात १७,३९४. पावसाळ्यात भाडी थंडावली, टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली, तरी हप्त्याची तारीख हलत नाही. वर्षातले सगळ्यात वाईट तीन महिने आठवा आणि त्या कमाईतून हप्ता निघतो का ते बघा. नाही निघत तर सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय नवी घेऊ नका.

शोरूममध्ये "घसाऱ्यानं टॅक्स वाचतो" असं सांगतात. हलक्या मालवाहू गाडीवर महिन्याला ७,५०० रुपये गृहीत उत्पन्न दाखवण्याची जी सोय आहे, ती वापरणाऱ्याला घसारा वेगळा वजा मिळत नाही. छोटे मालक बहुतेक याच सोयीत असतात. सीएला विचारूनच तो मुद्दा हिशोबात धरा.

बदलायचीच ठरली तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचे कोटेशन आणि जुने अंदाज फेकून द्या. जुनीचा भाव करताना समोरचा ग्राहकही हे जमेला धरतोच. पार्टवरचा करही १८ झालाय, तेव्हा मेस्त्रीकडूनही नवा अंदाज घ्या.

मधली वाट म्हणजे चार-पाच वर्षांची सेकंडहँड. ती फायद्याची खरी, पण तिलाही वरचीच कागदापासूनची सगळी तपासणी लावायची. बँकेनं ओढून आणलेल्या गाडीचा मालक हप्ता भरू शकत नव्हता, मग ऑइल कितीदा बदललं असेल याचा अंदाज करा. बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ असतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर तो चोंदतो. तुमचा फेरा तसा असेल तर डिझेल सोडून सीएनजी किंवा टाटाच्या एस ईव्हीसारखी छोटी बॅटरीवरची गाडी बघा.

जुनी चालू स्थितीत आणि कागदानिशी असेल तर बाजारात विका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची ती चासी गेलेली गाडी. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात स्क्रॅपची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरलेली आहे. केंद्र देतं त्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर नव्या व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत आणि नोंदणी फी माफ होते. तुम्हाला गाडी घ्यायची नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे हजार-दोन हजार जास्त मिळाले तरी हे सर्टिफिकेट मिळत नाही आणि नोंदणीही रद्द होत नाही.

विकताना नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचंच राहिलं आणि गाडीनं अपघात केला, तर नुकसानभरपाईला नोंदणीकृत मालक बांधील राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. घेणाऱ्याचं आधार, फोटो, तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट ठेवा, विकल्याचं आरटीओला स्वतः कळवा, आणि एमपरिवहन ॲपवर नवं नाव दिसेपर्यंत टोकनमधले दहा-पंधरा हजार आणि दुसरी चावी आपल्याकडेच ठेवा.